जेवायला ला गुलेतला

ट्यूनिस शहराच्या मधोमध जो हबीब बुर्गिबा हमरस्ता आहे, त्याच्या समुद्राकडच्या टोकाला एक साधंसं स्टेशन आहे. तिथून सुटणाऱ्या गाडीला सगळे टीजीएम म्हणतात. ट्यूनिस, गुलेत, मार्सा या तीन नावांची ती आद्याक्षरं. १८७२ साली सुरू झालेली ही ट्यूनिशियातली पहिली रेल्वे. बांधली इंग्रज कंपनीनं, काही वर्षांत विकत घेतली इटालियन कंपनीनं, आणि शेवटी गेली फ्रेंचांच्या हातात. त्या काळात या देशावर कोणाकोणाचा डोळा होता, हे कळायला हा एवढासा रूळ पुरतो. गाडी पांढरी-निळी, वापरून वापरून जीर्ण झालेली, आणि तिची दारं बंद होतीलच असं नाही. पोरं दारात लोंबकळतात, आतले आजोबा त्यांच्यावर ओरडतात, पोरं ऐकत नाहीत.

शहर सोडलं की गाडी थेट पाण्यात शिरते. ट्यूनिस आणि समुद्र यांच्यामध्ये एक उथळ खारं तळं आहे, त्यावर घातलेल्या बांधावरून रूळ जातात. दोन्हीकडे पाणी, मध्ये गाडी. पलीकडे गेल्यावर किनाऱ्यावरची उपनगरं सुरू होतात. आधी ला गुलेत, मग खैरेद्दीन, ले क्राम, आणि त्यानंतर कार्थेज सालांबो, कार्थेज बिर्सा, कार्थेज हॅनिबल, कार्थेज प्रेझिदांस अशी कार्थेजांची रांगच. इसवी सनापूर्वी १४६ मध्ये रोमनांनी जे शहर बेचिराख केलं, त्याच्या नावाच्या स्टेशनांवर आता बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उतरतात. पुढे सिदी बू सईद आणि शेवटी ला मार्सा.

बाहेरून आलेला माणूस ला गुलेतला सहसा उतरत नाही. त्याला अवशेष बघायला कार्थेज आणि फोटो काढायला सिदी बू सईद हवं असतं. ट्यूनिसचे लोक मात्र संध्याकाळी घरचं आटपून ला गुलेतला जातात ते मासे खायला. आम्हीही तेवढ्याचसाठी गेलो होतो. बाकीचं त्यामानानं तोंडी लावणं.

आम्ही म्हणजे मी आणि नवरा. सध्या मुक्काम फ्रान्समध्ये, तुलूझला. तिथून ट्यूनिस विमानानं दोन तासांच्या आत येतं, त्यामुळे शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडली की सहल होते. मी अलिबागची. नवरा सोलापूरकडचा, घरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. लग्नानंतर तो मासे खायला लागला खरा, पण त्याची अट असते की माशानं मासा आहे असं दाखवू नये. तुकडा, तोही काटे काढलेला. डोकं असलेला मासा पानात आला की हा पाण्याचा ग्लास उचलतो आणि खिडकीबाहेर बघतो. अशा माणसाला घेऊन ला गुलेतला जायचं हा माझा हट्ट होता, आणि त्याबदल्यात एक अख्खा दिवस त्याच्या इतिहासाला द्यायचा असा तह झाला होता.

ला गुलेतचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्याच इमारतीत. तळमजल्यावर एक आजी राहतात. जन्म ला गुलेतचा, घराणं ज्यू, तरुणपणी आईवडिलांबरोबर फ्रान्सला आल्या त्या कायमच्या. आम्ही निघालो म्हटल्यावर त्यांनी ना कुठला पत्ता दिला ना काही आणायला सांगितलं. एवढंच म्हणाल्या, "ब्रिक काट्या-सुरीनं खाल्लात तर परत माझ्याकडे कॉफीला येऊ नका."

गाव तसं चिंचोळं. एकीकडे खारं तळं, दुसरीकडे समुद्र, मध्ये वाळूची पट्टी आणि तिला छेदणारा पाण्याचा अरुंद मार्ग. ट्यूनिसला समुद्रातून यायचं तर इथूनच यावं लागे, म्हणून ज्याला ट्यूनिस हवं त्याला आधी ला गुलेत घ्यावं लागलं. १५३५ साली स्पेनचा राजा, सम्राट पाचवा चार्ल्स, मोठं आरमार घेऊन आला आणि त्यानं हे ठाणं जिंकलं. स्पॅनिशांनी किल्ला मजबूत केला. १५७४ मध्ये तुर्कांनी तो घेतला आणि मग बराच काळ त्याचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. कराका म्हणतात त्याला. पिवळट दगडाच्या जाडजूड भिंती, समोर बंदर, बंदरात सिसिलीला आणि मार्सेयला जाणाऱ्या उंच पांढऱ्या बोटी. नवऱ्यानं किल्ल्याला प्रदक्षिणा घातली. मी सावली बघून बसले, कारण जूनचं ऊन होतं आणि पोटात कावळे ओरडत होते.

पण त्या चाळीसेक स्पॅनिश वर्षांशी माझंही देणंघेणं आहे, आणि ते मिरचीमुळे. अमेरिकेतून स्पेनला आलेली मिरची ट्यूनिशियात याच काळात, स्पॅनिशांबरोबर पोचली असं मानतात. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याला उतरली, तेही त्याच शतकात. म्हणजे लाल तिखटाशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशा दोन किनाऱ्यांना ते एकाच द्वीपकल्पातल्या दोन शेजाऱ्यांनी, साधारण एकाच सुमाराला आणून दिलं. उत्तर आफ्रिकेतल्या बाकीच्या देशांपेक्षा ट्यूनिशियन जेवण तिखट असतं. त्यांची हारिसा, म्हणजे सुकवलेल्या लाल मिरच्या, लसूण, धणे, शहाजिऱ्याच्या जवळचं कारवी, मीठ आणि वरून ऑलिव्हचं तेल, २०२२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. फ्रान्समध्ये इतकी वर्षं "तिखट" म्हणून जे काही वाढलं गेलं, त्यानंतर ला गुलेतच्या टेबलावर आलेली पहिली वाटी जिभेला लागल्यावर मला अगदी माहेरी आल्यासारखं झालं. नवऱ्याच्या नाकातून पाणी आलं. सोलापूरची शेंगाचटणी खाऊन वाढलेल्या माणसानं असं करावं, हे मी त्याला अजून ऐकवते.

फ्रँकलिन रूझवेल्टच्या नावाचा एक रस्ता आहे, त्यावर दोन्ही बाजूंनी मासळीची रेस्टॉरंटं. संध्याकाळी सातनंतर तिथं चालणं म्हणजे प्रत्येक दारातल्या माणसाला नम्रपणे नाही म्हणत पुढे सरकणं. दारातच बर्फावर मासे मांडलेले असतात. चंदेरी दोराद, तिच्या दोन डोळ्यांच्या मधे सोनेरी पट्टा. लांबट लू. गुलाबी-लाल छोटे रुजे. माकुल, कोळंबी, एखादा ऑक्टोपस. आपण बोट दाखवायचं, ते वजन करतात, आणि भाव किलोवर. इथं एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या आणि पैसे आधीच विचारा. आम्ही एके ठिकाणी विचारलं नाही, आणि बिलात आमचा मासा शिजताना वाढला होता.

मी कल्ले उचलून बघायला लागले तेव्हा दारातला माणूस एकदम गप्प झाला. मग त्यानं स्वतःच पुढची दोराद बाजूला सारली आणि मागची काढून दिली. डोळा बघायचा, कल्ला बघायचा, पोटाशी बोट दाबून खळगा राहतो का ते बघायचं, एवढं अलिबागच्या बाजारात आईमागे उभं राहून कोणीही शिकतं. त्याला माझं फ्रेंच निम्मंच कळत होतं, मला त्याचं अरबी अजिबात नाही. पण मासळीच्या बर्फापुढे दोघांचीही अडचण झाली नाही.

बसलं की न मागता बारीक बारीक बशा येतात. हारिसावर तेल आणि ट्यूना, ऑलिव्ह, मिठातले सलगम, आणि मेश्विया. ही मेश्विया म्हणजे हिरव्या मिरच्या, टोमॅटो, कांदा, लसूण निखाऱ्यावर काळे पडेपर्यंत भाजायचे, साल काढायचं, सुरीनं बारीक करायचे आणि तेल ओतायचं. सोबत मातीच्या तबूना भट्टीतली जाड भाकरी. आमच्या सोलापूरकराचं खरं म्हणजे तिथंच जेवण झालं. "यात मासा नाही, भाजलेल्याचा वास आहे, भाकरी आहे, अजून काय पाहिजे?" असं म्हणून त्यानं तीन वेळा भाकरी मागितली आणि "अयशेक, अयशेक" करत वाढप्याचे आभार मानले. ट्यूनिशियन आभाराचा हा शब्द त्यानं विमानातच पाठ केला होता.

मग ब्रिक. रेस्टॉरंटच्या एका अंगाला उघडी कढई होती आणि तिच्यापाशी एक बाई फक्त तेवढंच करत होत्या. मी उठून जवळ जाऊन उभी राहिले. मलसूका नावाचा रव्याच्या पिठाचा पातळ, जवळजवळ आरपार दिसणारा पापुद्रा असतो. तो खोलगट बशीवर पसरायचा, कडा बशीबाहेर. मध्ये कुस्करलेला ट्यूना, चिरलेली पार्स्ली, थोडे केपर, आणि त्यांचं आळं करून त्यात एक कच्चं अंडं फोडायचं. आता घाई. अंडं पापुद्रा भिजवायच्या आत तो दुमडून अर्धचंद्र करायचा आणि बशी तेलाच्या काठाला टेकवून एका झटक्यात आत सोडायचा. त्या बाईंचा हात बशीखालून कधी निघाला ते मला तीनदा बघूनही दिसलं नाही. झाऱ्यानं वर तेल उडवायचं, एकदाच उलटायचा, आणि पांढरं घट्ट पण पिवळं पातळ असतानाच बाहेर. सगळा खेळ मिनिटभराचा.

खायची रीत अशी की दोन्ही टोकं हातांनी धरायची, लिंबू पिळायचं आणि मधून सुरुवात करायची. पिवळं ओघळता कामा नये. पूर्वी सासू होणारी बाई जावयाला ब्रिक वाढायची आणि त्याच्या शर्टावर पिवळं सांडलं की लग्न मोडायचं, असं तिथं हसत हसत सांगतात. माझ्या मनगटावरून ओघळ थेट कोपरापर्यंत गेला. नवऱ्यानं एक थेंब सांडला नाही. माशाला घाबरणारा माणूस ट्यूनिशियात जावई म्हणून सहज खपला असता.

मुख्य ताटाला नुसतं "कॉम्प्ले" म्हणतात. तळलेला किंवा निखाऱ्यावरचा अख्खा मासा, बटाट्याचे तळलेले काप, तळलेलं अंडं, आणि तस्तिरा, म्हणजे तळलेल्या मिरच्या आणि टोमॅटो एकत्र ठेचून केलेलं लाल-हिरवं काहीतरी. सगळंच तेलातलं, कसली नाजूक मांडणी नाही, काही नाही. पण मासा असा होता की मी मीठसुद्धा मागितलं नाही. डोकं मी घेतलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता, तिथं फुटपाथवर मांजरं बसली होती आणि त्यांचं लक्ष माझ्यावर होतं.

हे सगळं कोणाचं जेवण, असा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी सकाळी पडला. चर्चसमोर उभी होते तेव्हा.

एकोणिसाव्या शतकात सिसिलीतून गरीब कोळी, गवंडी, मजूर या किनाऱ्यावर येत राहिले. १८८१ नंतर राज्य फ्रेंचांचं होतं, पण पुढची कित्येक वर्षं ट्यूनिशियात इटालियन माणसं फ्रेंचांपेक्षा जास्त होती. ला गुलेतमध्ये त्यांची अख्खी वस्ती होती, छोटी सिसिली म्हणायचे तिला. शेजारी ज्यू, शेजारी मुसलमान, थोडे माल्टाचे. सिसिलीतल्या त्रापानी गावच्या कोळ्यांनी आपल्या मदोनाची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती इथं आणली, आणि दर १५ ऑगस्टला ती चर्चमधून बाहेर काढून समुद्राकडे नेत. समुद्र शांत राहो, जाळी भरोत. ऑगस्टातच, आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास. मिरवणुकीत ज्यू आणि मुसलमान शेजारीही चालत, कारण समुद्र सगळ्यांचाच होता. १९६० च्या दशकात ही मिरवणूक थांबली. २०१७ पासून मूर्ती पुन्हा बाहेर येते, पण चर्चच्या आवारापुरतीच. आणि आता तिच्यामागे चालणाऱ्यांत सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेले विद्यार्थी आणि कामगार बरेच असतात.

याच सिसिलियन लोकांत १९३८ साली एक मुलगी जन्मली, क्लाउडिया कार्डिनाले. १९५७ मध्ये ट्यूनिसमधल्या सर्वांत सुंदर इटालियन मुलीची स्पर्धा जिंकून ती व्हेनिसला गेली आणि पुढे इटालियन सिनेमाची राणी झाली. गंमत अशी की तेव्हा तिला धड इटालियन येत नव्हतं. घरी सिसिलियन, शाळेत फ्रेंच, रस्त्यावर ट्यूनिशियन अरबी. सुरुवातीच्या चित्रपटांत तिचा आवाज दुसऱ्याच कोणीतरी दिला. २०२५ च्या सप्टेंबरात ती गेली. ला गुलेतमध्ये तिच्या नावाचा रस्ता आहे.

१९५६ ला देश स्वतंत्र झाला, १९६४ ला राष्ट्राध्यक्ष बुर्गिबांनी परदेशी लोकांच्या शेतजमिनी सरकारजमा केल्या, आणि इटालियन निघाले. १९६७ च्या जूनमध्ये, अरब-इस्रायल युद्धाच्या पहिल्याच दिवशी, ट्यूनिसमध्ये जमावानं ज्यूंची दुकानं फोडली, मोठ्या सिनेगॉगला आग लावली. बुर्गिबांनी जाहीर निषेध केला, पण माणसं घाबरली ती घाबरलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखभर असलेले ज्यू आज दीड हजाराच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक दक्षिणेला जेर्बा बेटावर. आमच्या तळमजल्यावरच्या आजी त्याच लाटेतल्या.

अलिबागला इस्रायल आळी आहे. मागेन अबोथ सिनेगॉग आहे. कोकणातले बेने इस्रायल तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या आजीला त्यांच्यातल्या मैत्रिणींकडचा नारळाच्या दुधातला हलवा आठवायचा. तेही बहुतेक गेले, इस्रायलला. पण तिथं आणि इथं एक मोठा फरक आहे, तो लपवता कामा नये. कोकणात त्यांना कोणी काढलं नाही, कोणी दुकान फोडलं नाही. ते आपल्या मर्जीनं गेले. ला गुलेतच्या जाण्यात भीती होती. दोन्हीकडची रिकामी घरं सारखी दिसतात म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत.

ला गुलेतबद्दल फ्रेंचमध्ये पुष्कळ लिहिलं गेलंय. तीन धर्म, एक अंगण, एकमेकांच्या सणाला ताटं पोचवणं. त्यातलं पुष्कळ खरं असणार, आजींच्या बोलण्यातही ते येतं. पण हे लिहिणारे बहुतांशी निघून गेलेले लोक आहेत. त्या अंगणात सगळ्यात वर फ्रेंच होते, त्यांच्याखाली गरीब सिसिलियन, आणि देश ज्यांचा होता ते सगळ्यात खाली, हे त्या आठवणींत जरा कमी येतं. आणि जे गेले त्यांच्यावर लिहिणारे शंभर, जे नंतर आले त्यांच्यावर लिहिणारा एखादाच. रिकाम्या घरांत देशाच्या आतल्या, गरीब भागांतून आलेली कुटुंबं राहायला लागली. त्यांना समुद्र नवा होता. आज कढईपाशी उभ्या असलेल्या बाई त्यांच्यातल्या असतील किंवा जुन्या गुलेतकर असतील, मी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. त्यांच्यासाठी ब्रिक ही हरवलेल्या काळाची आठवण वगैरे काही नव्हती. संध्याकाळी आठ वाजता पन्नास गिऱ्हाईकं बसलेली असताना तळायची वस्तू होती. फ्रिकासे, म्हणजे तळलेल्या छोट्या पावात हारिसा, बटाटा, ट्यूना, अंडं आणि ऑलिव्ह भरलेला प्रकार, ज्यू घरांतून आला म्हणतात. स्टेशनबाहेरच्या गाडीवर तो शाळेतली पोरं उभ्या उभ्या खातात आणि मोबाइलवर फुटबॉल बघतात. तो आता त्यांचा आहे, बास.

तहाप्रमाणे तो दिवस नवऱ्याचा होता. कार्थेजला आम्ही अंतोनीन स्नानगृहांचे अवशेष पाहिले, समुद्राला लागून आहेत, अवाढव्य आहेत, आणि सावली नाही. एवढ्यावर मी ते आटोपते, कारण त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत आणि त्यातला एक माझ्याच घरात आहे.

सिदी बू सईदबद्दल मात्र बोलायला हवं. कड्यावरचं गाव, पांढऱ्या भिंती, निळी दारं, दारांवर काळ्या खिळ्यांची नक्षी, जाळीच्या निळ्या खिडक्या. इतकं सुंदर की डोळे थकतात. ही शोभा आपोआप टिकलेली नाही. रोदोल्फ देर्लांजे नावाचा एक बॅरन, बँकवाल्या घराण्यातला, चित्रकार आणि अरबी संगीताचा वेडा, इथं येऊन राहिला. त्याच्या खटपटीनं १९१५ साली गावाच्या संरक्षणाचा हुकूम निघाला आणि मनाला येईल तसं बांधायला बंदी आली. त्यानं स्वतःसाठी एन्नेजमा एझ्झहरा हा महाल बांधला, अरबी संगीतावर सहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९३२ साली, कैरोची अरबी संगीताची मोठी परिषद झाली त्याच वर्षी, वारला. परिषदेच्या तयारीत तो आघाडीवर होता, पण आजारपणामुळे जाऊ शकला नाही. महालात आता संगीताचं केंद्र आणि वाद्यांचा संग्रह आहे. नवरा तबला वाजवतो, त्यामुळे दरबुका हे तालवाद्य आणि कानून हे तंतुवाद्य असलेल्या खोलीतून त्याला बाहेर काढायला मला बरेच कष्ट पडले.

त्या हुकुमाच्या आधी, १९१४ च्या एप्रिलमध्ये, पॉल क्ले, आउगुस्ट माके आणि लुई मोआये हे तीन चित्रकार मित्र इथं रंगपेट्या घेऊन आले होते. क्लेच्या चित्रांतला रंग या प्रवासानंतर बदलला असं जाणकार सांगतात. माकेनं त्या थोड्या दिवसांत भराभर जलरंगातली चित्रं केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, सत्ताविसाव्या वर्षी, पहिल्या महायुद्धात मारला गेला.

गावाला नाव ज्यांचं आहे ते सिदी बू सईद तेराव्या शतकातले सूफी संत. त्यांचा दर्गा गावाच्या मधोमध आहे. २०१३ च्या जानेवारीत कोणीतरी त्याला आग लावली. २०११ च्या क्रांतीनंतरच्या त्या दिवसांत कर्मठांनी असे बरेच दर्गे जाळले. नंतर डागडुजी झाली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि फोटो काढणाऱ्या रांगेत कोणी त्याबद्दल बोलतही नाही.

खाण्याच्या बाबतीत सिदी बू सईदनं भाव खाल्ला असं मला वाटलं. दृश्य दाखवून चहाचे पैसे घेतात. चहा पुदिन्याचा, वर चिलगोजे तरंगतात, पिता पिता चघळायचे. छान होता, पण दुप्पट किमतीइतका नाही. अपवाद बंबालूनीचा. उतरत्या गल्लीत एक बोळकांडीएवढं दुकान. सैल आंबवलेलं पीठ बोटांवर घेऊन, मध्ये भोक पाडून, ताणून कढईत सोडतात, फुगलं की सळीनं काढतात आणि साखरेत लोळवतात. कागदात गुंडाळून हातात. बाहेरून कुरकुरीत, आत लुसलुशीत, आणि साखर हनुवटीपर्यंत. एक घेऊन आम्ही अर्धं अर्धं केलं आणि लगेच परत रांगेत उभे राहिलो.

शेवटच्या दिवशी दुपारी पुन्हा ला गुलेत. या वेळी रूझवेल्ट रस्ता सोडून मागच्या गल्लीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाटीवर दोनच पदार्थ. आम्ही माशाचा कुसकुस घेतला, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांवर मासा नि रस्सा. मोरोक्कोत कुसकुस बहुधा मटण नि भाज्यांबरोबर असतो. ट्यूनिशियाच्या किनाऱ्यावर तो माशाबरोबर, टोमॅटो आणि हारिसानं लाल केलेला. खाली रस्सा उकळतो, वरच्या भोकांच्या भांड्यात दाणे त्याच वाफेवर शिजतात, मग पसरून वर रस्सा ओततात. २०२० साली अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्यूनिशिया या चार देशांनी मिळून त्याची युनेस्कोत नोंद केली. पण माशाचा कुसकुस आणखी एका ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या घरी होतो, ते ठिकाण म्हणजे सिसिलीतलं त्रापानी. तेच, जिथून मदोना आली. म्हणजे पलीकडून देवी आली नि इकडून कुसकुस गेला, आणि मधल्या समुद्रात आज दोन्हीकडचे पहारेकरी बोटी अडवत फिरतात.

त्या कुसकुसावर माशाचा मोठा तुकडा होता, काट्यासकट. नवऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक सातआठ वर्षांचा मुलगा एकटाच, तोंडातून एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीत लावत होता. तो थांबला आणि आमच्या ताटाकडे बघत राहिला. "अरे, तो बघतोय," मी म्हटलं. "माहितीये गं," नवरा म्हणाला, आणि त्यानं घास घेतला. मग दुसरा. काटे त्यानंही कडेला लावले, ओळ त्या मुलाइतकी सरळ नव्हती. मुलगा परत आपल्या ताटाकडे वळला.

ट्यूनिशियन दिनार देशाबाहेर न्यायला बंदी आहे. म्हणजे उरलेले पैसे एक तर बदलून घ्यायचे, नाहीतर खर्चायचे. बदलायच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा आम्ही स्टेशनजवळच्या वाण्याकडे गेलो आणि हारिसाचे पिवळे डबे घेतले, दिनार संपेपर्यंत. बॅगेचं वजन वाढलं, नवरा त्यावरून विमानतळापर्यंत बोलत होता. आता घरी रोजच्या रोज संपवतोही तोच.

आजींना एक डबा दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बंद केला, आणि विचारलं, "ब्रिक कशानं खाल्लंत?" कोपरापर्यंत ओघळ गेला म्हटल्यावर कॉफी मिळाली.

हारिसा कशात घालावी, असं अलिबागहून वहिनीनं विचारलंय, म्हणून इथंच लिहिते. तळलेल्या बोंबलाच्या मसाल्यात चमचाभर, उत्तम. वांग्याच्या भरतात, फारच छान. भडंगात चालते, पण तेल कमी करावं लागतं. पोह्यांत घालू नका. नवऱ्यानं घातली होती.